फॉर्मवर न लिहिलेली वेल

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही उगाच दुसऱ्या कोणाला दोष देणार नाही. माझं लिव्हर मी स्वतः बिघडवलं. डॉक्टरांनी नाही, इथल्या हवेनेही नाही. बायोकेमिस्ट्रीत एमएससी झालेल्या, तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांच्या लिव्हरचे रिपोर्ट काढलेल्या आणि आता सत्तरी ओलांडलेल्या बाईने रोज कोमट पाण्याबरोबर दोन कॅप्सूल गिळून हे काम केलं.

इथल्या मराठी मंडळातल्या मैत्रिणी म्हणाल्या, "लिही गं कुमुद, कोणाच्या तरी उपयोगी पडेल." उपयोगी पडेल का, ते ठाऊक नाही. माझी फजिती मात्र त्यांना ऐकायला आवडते, हे नक्की.

बोटं

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चची गोष्ट. दुपारच्या चहानंतर मी आणि माझे यजमान शरद रमी खेळतो. अमेरिकेत ट्रॉयला राहायला आलो तेव्हापासूनचा नेम आहे. मी लबाडी करते, त्यांना ती कळते, ते काही बोलत नाहीत. आमच्या संसाराचं गुपित म्हणाल तर एवढंच. त्या दिवशी तेरा पत्ते हातात पंख्यासारखे धरले आणि सगळे मांडीवर सांडले. बोटं मिटेनात.

"तुझा जोकर दिसला," शरद म्हणाले.

"मुद्दाम दाखवला," मी म्हणाले.

पण सकाळी नळ फिरवता येईना, ब्लाउजचं हूक लागेना, तेव्हा डॉक्टर गाठावाच लागला. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपल्याकडे आमवात म्हणतात तो. शरीरातले पहारेकरी घरच्याच माणसांना चोर समजून झोडपतात, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मला हे सगळं पाठ होतं, मी या आजाराच्या टेस्ट हजारांनी केल्या असतील. तरी घरी येताना गाडीत मी शरदना तीनदा विचारलं, "त्या नक्की काय म्हणाल्या?" आणि ते तीनदा म्हणाले, "गोळी आठवड्यातून एकदा." आकाश निरभ्र होतं आणि ते वायपर चालू ठेवून गाडी चालवत होते.

गोळीचं नाव मेथोट्रेक्सेट. ती लिव्हरला त्रास देऊ शकते, म्हणून दर थोड्या महिन्यांनी रक्त तपासायचं. गोळी हळूहळू लागू पडली. पूर्ण नाही, पण नळ फिरायला लागला. माझी नात तन्वी शाळेच्या वर्कशॉपमध्ये लाकडाला खाच पाडून पत्ते उभे करायचा एक स्टँड बनवून घेऊन आली. "आजी, नाऊ यू कान्ट चीट," म्हणाली. पोरगी अजून लहान आहे.

पांढऱ्या कोटातली शहाणी

आता मला त्या दुसऱ्या कुमुदबद्दल सांगायला हवं. वय चौतीस, अंगात पांढरा कोट, खिशात तीन पेनं. सगळं विज्ञान आपल्या पर्समध्ये आहे आणि बाकीचं जग अंधारात आहे, अशी तिची समजूत. आज ती भेटली तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही.

माझी मुलगी केतकी पहिलीत होती तेव्हा सासूबाई अमरावतीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. गुडघ्यांनी बेजार. बॅगेत वाळलेला निर्गुंडीचा पाला, सुंठ, एरंडेलाची बाटली आणि शेवटी एक लाल फडक्यातली पुरचुंडी. पांढऱ्या कोटातल्या सुनेने त्यांची बॅग कस्टमवाल्यापेक्षा कडक तपासली. "आई, याची ट्रायल झालीय का? किती पेशंटवर?" त्या माऊलीचं शिक्षण चौथीपर्यंत. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं समदेच घेतात." हे मी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत नक्कल करून सांगितलं होतं. सगळे खूप हसले होते.

एका संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. त्या दारात आल्या. म्हणाल्या, "हसणार नसशील तर एक सांगू?"

आणि त्यांनी पुढचं काही बोलायच्या आतच मला हसू फुटलं.

 त्या पदराआड धरलेलं काहीतरी तसंच धरून परत गेल्या. काय सांगायचं होतं, ते त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. त्या भारतात परतल्यावर टॉवेलांच्या मागे मला ते लाल फडकं मिळालं. रिकामं. त्यात काय होतं, त्या किती घेत होत्या, त्याने त्यांना बरं वाटत होतं की आणखी काही होत होतं, मला आजही माहीत नाही.

उंदीर बरे झाले

मागच्या वर्षीच्या थंडीत बोटं पुन्हा भडकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसरं औषध जोडू, पण आधी इन्शुरन्सची मंजुरी येऊ दे. मंजुरी येईना. मी रिकामटेकडी, हातात आयपॅड, आणि अंगात जुनी खोड: शोधनिबंध वाचायची.

चिनी औषधी वनस्पतींवर किती काम झालंय, याची मला कल्पनाच नव्हती. या मुळातला अमुक घटक दाह कमी करतो, त्या सालीतला तमुक घटक सूज उतरवतो. बशीतल्या पेशींवर दिसलं, उंदरांच्या पंजांवर दिसलं. एका वेलीबद्दल तर पानंच्या पानं होती. मेघांच्या गडगडाटाचा जो देव, त्याची ती वेल. चीनमध्ये याच दुखण्यावर जुन्या काळापासून वापरतात. त्याच निबंधांत खाली बारीक अक्षरात तिच्या विषारीपणाबद्दलही लिहिलेलं होतं. चौतीस वर्षांच्या कुमुदने आधी तेच वाचलं असतं. बाहत्तर वर्षांच्या कुमुदने उंदरांचे फोटो पाहिले. सुजलेला पंजा, न सुजलेला पंजा. मला त्या उंदराचा हेवा वाटला.

तासाभराच्या अंतरावरच्या एका चिनी दुकानात वैद्य बसतात, असं कळलं. शरदना सांगितलं, मश्रूम आणायला जाऊ. वैद्यबुवा माझ्याहून म्हातारे. त्यांनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली, आणि विचारलं, "दुसरं काही औषध घेता?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्या वेलीचं नाव काढलं तशी त्यांनी मान हलवली. ती मी देत नाही, म्हणाले. ती कडक आहे, ती देताना रक्त तपासणारं कोणीतरी लागतं. मला त्यांनी चहासारखा एक सौम्य काढा दिला आणि वर आल्याचा पाक फुकट दिला.

इतका सरळ माणूस. घरी येऊन मी त्या वेलीच्या कॅप्सूल इंटरनेटवरून मागवल्या. बाटलीवर डोंगराचं चित्र होतं, धुक्यातलं.

रकाना

पुढच्या भेटीला डॉक्टरांच्या ऑफिसात फॉर्म भरायला हातात टॅब्लेट दिला. इतर औषधं, व्हिटॅमिन, जडीबुटी घेता का? मी "नाही" वर बोट टेकवलं. सुजलेलं बोट, पण नेमकं टेकलं.

आपल्या माणसांना हे कसं होतं ते सांगायला नको. जे केमिस्टकडून येतं ते औषध. जे स्वयंपाकघरातून, मैत्रिणीच्या पर्समधून किंवा भारतातून आलेल्या कोणाच्या तरी बॅगेतून येतं, ते 'आपलं असंच'. च्यवनप्राश लिहायचा का? हळद-दूध? रात्रीचं त्रिफळा? कोणी लिहीत नाही. हे कारण मी पुढे सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांना पटलंही. पण खरं कारण ते नव्हतं. मला काय विचारलंय, हे पूर्ण कळत होतं. मला लाज वाटत होती. सासूबाईंची नक्कल करणारी बाई ज्या ऑफिसात बसली होती, तिथे मला लाल फडकं उघडायचं नव्हतं.

आणि आता ज्या वाक्यासाठी तुम्ही मला माफ करणार नाही, ते. कॅप्सूलने गुण आला.

महिन्याभरात बोटांची सूज उतरली. मी स्टँडशिवाय पत्ते धरले आणि शरदना सलग चार डाव हरवलं. तन्वीच्या केसांच्या दोन घट्ट वेण्या घातल्या, इतक्या घट्ट की ती "आऊच, आजी" म्हणाली आणि मला ते गाण्यासारखं वाटलं. केतकी म्हणाली, "आई, मेथोट्रेक्सेट फायनली काम करतंय, यार." मी म्हणाले, "हो ना." रक्ताची तपासणी ठरलेली होती, त्या दिवशी बर्फ पडत होतं. मी ती कॅन्सल केली. पुढची तारीख घेतली, तीही टाळली. बर्फ तेव्हा नव्हतं.

खिडकीपाशी

एप्रिलमध्ये फोडणीचा वास नकोसा झाला. मग अंगाला खाज. मग थकवा असा, की जिना चढताना मध्येच बसायची आणि शरदना सांगायची, विचार करतेय. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला, तेव्हा माझ्यातली लॅबवाली उठून उभी राहिली होती. मी तिला खाली बसवलं.

एका सकाळी शरद म्हणाले, "कुमुद, खिडकीपाशी ये जरा." मी गेले. त्यांनी हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं. लग्न झाल्यापासून त्यांनी असं कधी केलं नव्हतं, मला वाटलं काय सुचतंय यांना या वयात. ते म्हणाले, "तुझे डोळे पिवळे झालेत." आणि गाडीची किल्ली शोधायला गेले. किल्ली त्यांच्या हातातच होती.

चार दिवस

हॉस्पिटलमध्ये पहाटे पाचला रक्त घ्यायला यायचे. एक मुलगी शीर शोधताना माझ्या दंडाचा पट्टा इतका वेळ आवळून ठेवायची की मला राहवेना. "एक मिनिटाच्या वर नको ठेवूस," मी तिला शिकवलं. ती म्हणाली, "यू वर अ नर्स?" म्हटलं, नाही गं, तू नळी ज्या बाईकडे पाठवतेस, ती मी.

आकडे मी मागून घेतले. दुसऱ्या कोणाचे असते तर मशीन बिघडलं समजून मी तपासणी पुन्हा लावली असती.

सगळ्यांचा संशय मेथोट्रेक्सेटवर. ते पहिल्या तासात बंद केलं. केतकी पलंगाशेजारी लॅपटॉप घेऊन बसली, मिटिंगा म्यूटवर. "आय न्यू इट. ते औषध म्हणजे पॉयझन आहे आई, आता कधीच घ्यायचं नाही." गुरुवारी लिव्हरचा तुकडा काढून बघायचं ठरलं. रक्त नीट गोठत नव्हतं, म्हणून त्यात धोका आहे, हे त्यांनी समजावलं आणि शरदनी सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं.

धुक्यातल्या डोंगराची बाटली ते चारही दिवस माझ्या पर्समध्ये होती. पर्स खुर्चीवर. खुर्चीवर केतकी टेकून बसलेली.

पहिल्या दिवशी संध्याकाळी, सगळे कॅफेटेरियात गेले असताना, बोटं आखडली म्हणून मी दोन कॅप्सूल घेतल्या. हे लिहिताना मला आजही पान उलटं करून ठेवावंसं वाटतं. पिवळे डोळे, हातात सलाइन, आणि बाई पर्समध्ये चाचपडतेय. दुसऱ्या दिवशी आकडे आणखी चढले. मी कागद उशीखाली घातला. आता दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. मी बोलायचं, किंवा ज्या मेथोट्रेक्सेटने मला आधी खरोखर उभं केलं होतं त्याच्यावर आळ घालून, पोटात सुई घालू देऊन, पर्ससकट घरी जायचं. घरी जाता येईल का, तेही कळत नव्हतं.

स्वयंपाकघरात काय काय आहे

बुधवारी लिव्हरच्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. डॉ. हद्दाद. लहानखुऱ्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्या स्टूल ओढून बसल्या. उभ्याने बोलून निघून जाणाऱ्यांची मला सवय झाली होती. त्यांनी फॉर्म काढला नाही. विचारलं, "तुमच्या स्वयंपाकघरात काय काय आहे? दुखलं की तुम्ही काय घेता?"

केतकी म्हणाली, "शी डझन्ट बिलीव्ह इन ऑल दॅट, डॉक्टर. आई लॅबमध्ये होती. आजीला पण काही घेऊ द्यायची नाही."

मी केतकीकडे पाहिलं. तिला ते आठवत होतं. पहिलीतल्या मुलीला.

"हसणार नसाल तर सांगते," मी इंग्रजीत म्हणाले.

डॉ. हद्दाद हसल्या नाहीत. त्यांनी नुसता तळहात पुढे केला, जणू पर्समध्ये काहीतरी आहे हे त्यांना माझ्या नजरेवरूनच कळलं होतं. मी बाटली त्यावर ठेवली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, लेबलचे फोटो काढले, किती दिवस, किती, शेवटची कधी, असं विचारलं. शेवटची कधी, याचं उत्तर मी खरं दिलं. केतकी उठून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला.

मग त्यांनी विचारलं, "याने तुम्हाला बरं वाटलं का?"

मी तोवर रडले नव्हते. या प्रश्नाला रडले. सासूबाईंना मी हा एक प्रश्न विचारायला हवा होता. किती पेशंटवर ट्रायल झाली, हा नव्हे.

"तुम्हाला भास झाला नव्हता," त्या म्हणाल्या. "त्या वेलीत खरंच काहीतरी आहे. म्हणूनच मला तिची भीती वाटते. जे बोटांवर काम करतं ते लिव्हरपाशी आलं की गप्प बसत नाही. आणि या बाटलीत ते किती आहे, आणखी काय आहे, हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही."

गुरुवारची सुई त्यांनी पुढे ढकलली. दोन दिवस वाट बघू, म्हणाल्या. शुक्रवारी आकडे उतरले नाहीत. पण चढलेही नाहीत. शनिवारी थोडे उतरले.

काळी पिशवी

मी घरी येण्याआधी केतकी आमच्या स्वयंपाकघरात काळी कचऱ्याची पिशवी घेऊन गेली होती. वैद्यबुवांचा काढा गेला, त्रिफळा गेलं, सुंठ, जायफळ, ओवासुद्धा गेला. शरदनी मेतकुटाची बरणी गाडीच्या डिकीत लपवून वाचवली.

मी सोफ्यावर पडून मोकळे डबे बघत होते. केतकी समोर उभी राहिली, पिशवीची गाठ मारत. "तू मला फोनवर रोज खोटं सांगत होतीस. रोज. मी त्या औषधाला शिव्या घालत होते आणि तू हो-हो म्हणत होतीस. व्हॉट इफ यू हॅड डाइड, आई? मी आयुष्यभर चुकीच्या गोष्टीला ब्लेम करत बसले असते."

 

शरद रागावले नाहीत, ते वाईट होतं. त्यांनी पत्ते काढणं बंद केलं. चहा होतो, कप विसळले जातात, आणि ते बातम्या लावतात. एकदा मी विचारलं, "खेळायचं का?" ते म्हणाले, "पत्त्यांतली लबाडी मला कळत होती गं. मला वाटायचं, तुझी तेवढीच आहे."

आज

लिव्हर सावरतंय. दर पंधरा दिवसांनी रक्त देते, एकही तारीख टाळत नाही, बर्फ असो की नसो. मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू करता येईल का, हे अजून ठरलेलं नाही. ते ठरेपर्यंत बोटांना काहीच औषध नाही. ती पुन्हा सुजली आहेत, उजवीकडची दोन आता वाकडी झालीत आणि ती सरळ होणार नाहीत, असं सांगितलंय. हे मी एका बोटाने टाइप करतेय. ज्या महिन्यात मी तन्वीच्या वेण्या घातल्या, तो महिना मला आठवतो. सकाळी नळापाशी उभी असते तेव्हा जास्त आठवतो. ती बाटली डॉक्टरांकडे आहे हे बरं आहे.

मागच्या आठवड्यात शरदनी न विचारता तन्वीचा लाकडी स्टँड टेबलावर ठेवला आणि पत्ते पिसले. मी सरळ खेळले. हरले. ते म्हणाले, "सवय नाहीये तुला."

आणि परवा दुपारी शैलाचा फोन आला. शैला मंडळातली, माझ्याहून चार वर्षांनी लहान, गुडघे गेलेले. माझी सगळी कथा तिला ठाऊक आहे, भेटायला ती सूप घेऊन आली होती. इकडचं तिकडचं झालं. मग आवाज उतरवून म्हणाली, "कुमुद, एक विचारू? ओरडू नकोस. नाव काय म्हणालीस त्या वेलीचं? तुझी बोटं उतरली होती, मी पाहिली होती ना."

पांढऱ्या कोटातली बाई ताडकन उठली. तिच्या जिभेवर व्याख्यान तयार होतं, टोमण्यांसकट. मी तिला बसू दिलं नाही, बोलूही दिलं नाही. तोंडावर हात ठेवून तिला बाहेर काढलं.

"नाव सांगणार नाही," मी म्हणाले. "पण तुझे गुडघे किती दुखतायत ते सांग. आणि आत्ता काय काय घेतेस तेही सांग. कपाटातलं, पर्समधलं, वहिनीने पाठवलेलं, सगळं."



"तू हसशील," शैला म्हणाली.

"नाही हसणार. मी पेन घेते, तू उठ आणि कपाट उघड."

तिची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वाकड्या बोटांत पेन धरून मी कागदावर यादीचा पहिला आकडा घातला आणि वाट बघत बसले.